वेगळी ठेवलेली पितळी

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध वैद्यगुरूंकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, कोष्ट्याच्या घरी चला. माझं औषध चालेना."

कोष्ट्याच्या सुनेच्या छातीत गाठ होती. आज आपण जिला कॅन्सर म्हणतो, तीच ती. तीन महिने शिष्य आठवड्याला एकदा जाई, लेप लावी, काढा देई, पथ्य सांगे. निघताना सासू दारात गाठून हळूच म्हणायची, "वैद्यबुवा, तिला काही बोलू नका हं. धसका घेईल." शिष्यालाही ते सोयीचंच वाटे. काय बोलावं, हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं?

दोघं पोहोचले. पडवीच्या टोकाला घोंगडीवर सून बसली होती. शेजारी तिची वेगळी पितळी, वेगळा तांब्या. समोरच्या खांबाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तिची दोन वर्षांची पोर.

गुरूंनी नाडी धरली नाही. ते सुनेजवळ बसले, तिची पितळी पुढं ओढली आणि तिच्यातली अर्धवट खाल्लेली दूधभाकरी खाऊ लागले.

"अहो बाबा, उष्टी आहे ती," सासू धावली. "थांबा, ताजी थापते."

गुरूंनी पितळी पुसून खाल्ली. मग तांब्या उचलला आणि तोंड लावून पाणी प्यायले. शिष्याने मान खाली घातली.

सून घाबरून म्हणाली, "बाबा, तुम्हाला होईल ना हे."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कुठं काय सांगतंय? सगळे दारात जाऊन कुजबुजतात. एवढं लपवतात म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागणारं दुखणं असणार. म्हणून मीच म्हटलं, पोरीला बांधा."

सासू खाली बसली. "आम्हाला वाटलं, तुला वैद्यबुवांनीच तसं सांगितलं."

"बाई," गुरू म्हणाले, "हे दुखणं उष्ट्याने लागत नाही. मांडीवर घेतल्याने लागत नाही."

सुनेने खांबाला बांधलेल्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी बरी होईन?"

सासूने ओठांवर बोट ठेवून गुरूंना खुणावलं. गुरूंनी ते पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "संक्रांत बघशील. शिमग्याचं मला सांगवत नाही. दुखेल, पण दुखणं कमी करायला औषध आहे. ते देऊ."

"तीन महिने फुकट गेले की हो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

सासूने पोरीची पट्टी सोडली. पोर दोन पावलं आली, आईच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं आणि वळून आजीच्या पदरात शिरली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. सुनेचे हात तसेच पसरलेले राहिले.

वाटेत शिष्य म्हणाला, "गुरुजी, नुसतं तोंडी सांगितलं असतं तर? उष्टं कशाला?"

"जिथं तीन महिने सगळे तोंड चुकवत होते, तिथं माझ्या तोंडच्या शब्दावर ती पोरीला सोडू देईल?" गुरू म्हणाले. "बाळा, आजाऱ्याचं मन रिकामं राहत नाही. आपण सांगत नाही, ते त्याला भीती सांगते. आणि भीतीने सांगितलेलं खरं का, हे कोणी पुन्हा विचारून घेत नाही. त्या गाठीपुढे तुझं काही चाललं नसतं, माझंही नाही. पण ते तीन महिने तुझ्या हातात होते."

 पुढच्या आठवड्यात शिष्य गेला, तेव्हा औषधाचा बटवा सोडण्याआधी सुनेजवळ बसला. "ताई, काही विचारायचंय?"

तिने विचार केला. "त्या नव्या औषधाने गुंगी येते. मी झोपेत असताना पोर जवळ आली, तर मला कळेल का?"

दारात सासू नेहमीसारखी वाट पाहत उभी होती. शिष्याने तिला हाक मारली. "आजी, तिथं नको. इथं या, हिच्या उशाशी बसा. हिच्यासमोरच बोलू."