उजाड दिसलेलं रान

फार मागं, नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते त्या काळातली ही गोष्ट. बिरा नावाचा एक धनगर होता. शंभर मेंढरं, एक घोडं, एक कुत्रं आणि बायको भिवरा, एवढा त्याचा संसार. आठ महिने मुलूख फिरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर नदी ओलांडून आपल्या माळाला परतायचं, हा त्यांचा शिरस्ता.

त्या साली निघायला उशीर झाला. ढग रोज खाली उतरत होते. नदी फुगली की अलीकडेच अडकायचं, आणि अलीकडे बहुतेक काळी माती. काळ्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात. म्हणून बिराच्या पायाला भिंगरी लागली होती. जेवायचा तो उभ्यानं, बोलायचा तो आभाळाकडं बघत. एखादी मेंढी वाटेत चरायला थांबली तरी चरफडायचा.

धनगरांची एक रीत होती. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची तर आधी त्या धन्याच्या दारी जायचं आणि "बसू का?" म्हणून विचारायचं. लेंडीखताच्या ओढीनं धनी बहुधा हो म्हणे. पण मग पाणी येई, गूळ येई, कुठून आलात, तिकडं पाऊसपाणी कसं, यात संध्याकाळ सरे आणि सकाळी निघायला ऊन चढे.

नदी एका मजलेवर राहिली, तेव्हा वाटेत एक उजाड वावर लागलं. पीक नाही, कुंपण नाही. बिरानं मेंढरं आत वळवली.

भिवरा म्हणाली, "अहो, पलीकडं धूर दिसतोय. विचारून तरी या."

"विचारायचं काय? धसकटसुद्धा नाही या रानात."

"मामंजी उघड्या खडकावर टेकायचे तरी विचारायचे."

"म्हणूनच आबांचं निम्मं आयुष्य लोकांच्या ओसरीवर गेलं," बिरा म्हणाला.

बिरानं घोड्याच्या गळ्यातली घंटा काढली, कुत्रं बांधलं, चूल पेटवू दिली नाही. दोघांनी शिळी भाकरी चटणीशी खाल्ली. झुंजुमुंजू होताच त्यानं मेंढरं उठवली. जाताना लोकरीचा पुंजकाही मागं ठेवला नाही. आपण कुणाची काडी मोडली नाही, मग चोरी कसली, असं तो मनाला समजावत होता. पण मन काही थाऱ्यावर येईना.

टेकाड चढून त्यानं मागं वळून पाहिलं. वावरात पाखरं उतरली होती. दहा-वीस नव्हे, थव्यावर थवे. खाली माना घालून टिपत होती. उजाड रानात पाखरं टिपतील काय?

भिवराच्या ध्यानात आधी आलं. "धूळपेर केलीय हो," ती म्हणाली.

पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरून ठेवतात. वरून बघणाऱ्याला रान उघडंबोडकंच दिसतं. आणि मेंढरू बसण्याआधी पुढच्या खुरानं माती उकरतं, ही त्याची खोड धनगराहून जास्त कोणाला ठाऊक? शंभर मेंढरांनी पेरलेलं बी उकरून वर आणलं होतं.

समोर नदीचा पट्टा चमकत होता. दुपारपर्यंत पलीकडं गेला असता. पाहिलं कुणीच नव्हतं. बिरा चार पावलं पुढं गेला, थांबला, पुन्हा दोन गेला. भिवरानं घोड्याचं तोंड मागं वळवलं.

रान कोंडाबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं होतं. ती ढेकळं मारून पाखरं उडवत होती. बिरानं समोर उभं राहून सगळं कबूल केलं. म्हातारीनं शिवी दिली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. घरातलं शेवटचं बी होतं, म्हणाली. बैल मागून आणलेले, तेही परत गेले. मग तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"ओढ्याकडचं वावर खताला आसुसलंय. विचारलं असतंस तर तिथं बसवलं असतं, वर दाणेही दिले असते. तुझ्या जिभेला काय काटा रुतला होता का रे?"

बिरानं आपलं पोतं सोडलं. आठ महिने रानोमाळ मेंढरं बसवून मिळालेली बाजरी त्यात होती. बैल नव्हते, म्हणून पेरणीच्या तिफणीला तो आणि भिवरा जुंपले गेले. म्हातारी तिफणीवरच्या चाड्यात मूठ मूठ बी सोडत मागून चालली. तीन दिवस लागले. खांद्याची सालं निघाली.

तिसऱ्या रात्री पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी ते काठाला पोचले, तर नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती.

आता उतरेल, मग उतरेल, म्हणत बिरा दोन दिवस काठावर येरझाऱ्या घालत राहिला, आणि मेंढरं चिखलात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती लंगडू लागली. तेव्हा तो माघारी फिरला. कळप वाटेवर थांबवून एकटाच कोंडाबाईच्या बांधापाशी गेला.

"आई, बसू का?"

"वरच्या मुरमाड टेकाडावर बस, खाली ओल आहे," म्हातारी म्हणाली. "आणि चूल पेटवा. मी काही वाघीण नाही."

मुरमानं बरीच मेंढरं तगली, पण अकरा दगावली. एक संध्याकाळ वाचवायला निघालेल्या माणसाचे चार महिने त्या टेकाडावर गेले.

तात्पर्य: रान कितीही मोकळं दिसो, पाठ टेकण्याआधी त्याच्या धन्याला विचारावं.