देवराईतलं तळं आणि तिसरं मागणं

डोंगराच्या उतारावर, एकीखाली एक, अशा तीन वाड्या होत्या. वरची, मधली आणि खालची. तिन्ही वाड्यांतून एकच इवलासा ओढा खळखळत जायचा. पुढं वरच्या वाडीनं दगडांचा बांध घालून त्याला अडवलं, मधलीनं उरलेलं पाणी पाटानं आपल्याकडं वळवलं, आणि खालच्या वाडीच्या वाट्याला नुसती पांढरी वाळू आली.

खालच्या वाडीत सोनकी राहायची. नऊ वर्षांची, काडीसारखी बारीक, टपोऱ्या डोळ्यांची. तिला आईबाप नव्हते. आजारी गिरजाआत्या तेवढी होती. सोनकी रोज वाळूत खड्डा खणायची आणि झिरपलेलं पाणी करवंटीनं कळशीत भरायची. एक कळशी भरायला अर्धा दिवस जायचा.

एके दिवशी खड्ड्यात काही झिरपलंच नाही. कळशीच्या तळाशी ओंजळभर पाणी होतं. तेवढंच घेऊन, आणखी कुठं मिळतं का बघत, सोनकी देवराईत शिरली.

देवराईत भरदुपारी कुणी जात नसे. आत हिरवागार अंधार होता. एकही पाखरू बोलत नव्हतं. वारा नव्हता, तरी पानं हलत होती. मधोमध आटलेलं तळं होतं आणि त्याच्या चिखलाला भेगाच भेगा पडल्या होत्या.

एका भेगेतून आवाज आला, "पाणी..."

सोनकीच्या अंगावर सरसरून काटा आला. पळावंसं वाटलं. पण तो आवाज तहानलेला होता, आणि तहान काय असते ते तिला ठाऊक होतं. तिनं गुडघे टेकले आणि सगळं पाणी भेगेत ओतलं.

भेग ओठांसारखी मिटली. मग तिथून एक निळीजांभळी वाफ उठली आणि वाफेतून एक चिमुकली परी वर आली. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे झिलमिलत होते, पण कडांना सुकून चुरत होते. तिच्या माशासारख्या गोल डोळ्यांना पापण्याच नव्हत्या. आणि तिची सावली पडत नव्हती.

"भिऊ नकोस, सोनुली," परी हळूच म्हणाली. "तुझी तीन मागणी मी पुरवीन. पण नियम ऐक. मी नवं पाणी घडवत नाही, आहे तेच इकडचं तिकडं नेते. दिलेलं परत करायचं, तर त्यातही एक मागणं जाईल. आणि तिसरं मागणं एकटीनं मागायचं नाही. बाकीच्या दोन्ही वाड्यांचा एकेक हात तुझ्या हातात हवा. सात दिवसांत हे झालं नाही, तर मी या चिखलात कायमची विरून जाईन."

सोनकीनं नीट विचार न करताच मागितलं, "आमच्या वाडीची आटलेली विहीर भरू दे!"

ती धावत घरी आली, तर विहीर काठोकाठ भरलेली! बायका हसत होत्या, पोरं पाणी उडवत होती. सोनकीनं वाकून पाण्यात पाहिलं आणि ती गारठलीच. पाण्यात तिचा चेहरा नव्हता. तिथं दुसरीच एक मुलगी होती. तिचे ओठ फुटलेले होते आणि ती सोनकीकडं एकटक बघत होती. खोल तळातून रिकाम्या बादलीचा खरडण्याचा आवाज येत होता. खर्रर्र... खर्रर्र...

सोनकीला राहवलं नाही. ती कळशी भरून मधल्या वाडीला गेली. पहिल्याच घराच्या ओट्यावर तीच मुलगी निजली होती. तिचं नाव फुली. सोनकीनं तिला घोट घोट पाणी पाजलं.

फुलीची आई अंजाकाकू म्हणाली, "कुणाची गं तू? आमचं पाणी एका दुपारीत नाहीसं झालं बघ. कुणी नेलं, देव जाणे."

"मी नेलं, काकू," सोनकी रडत म्हणाली. "माझं चुकलं."

ती तशीच देवराईत गेली. "परी, ज्याचं पाणी त्याला परत दे."

दुसरं मागणं संपलं. खालच्या वाडीची विहीर कोरडी पडली आणि लोक सोनकीवर चिडले. गिरजाआत्यानं मात्र तिला जवळ घेतलं. "बरं केलंस, पोरी. तसलं पाणी माझ्या घशाखाली उतरलं नसतं."

सोनकीनं अंजाकाकूला परीची सगळी गोष्ट सांगितली, आणि सातव्या दिवशी अंजाकाकू तिचा हात धरून वरच्या वाडीला गेली. तिथले कारभारी केरूनाना बांधावर बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"माझा बांध एका दुपारी आटला नि मग पुन्हा भरला," ते पुटपुटले. "आटला तेव्हा तळातून बायकापोरांचं रडणं ऐकू येत होतं. अजून येतंय."

"नाना, ते आमचंच रडणं," अंजाकाकू म्हणाली. "आम्ही खालीच तर राहतो."

सोनकीनं त्यांना परीची अट सांगितली. तसे नाना उठून त्यांच्याबरोबर निघाले.

तिघं तळ्याशी पोचली तेव्हा परी धुक्याएवढी विरळ झाली होती. सोनकीनं दोघांचे हात घट्ट धरले. "परी, आमचं पाणी कुठून येतं, कुठं जातं, ते आम्हाला दिसू दे."

पायाखालची जमीन काचेसारखी झाली! खोल आत निळ्या, रुपेरी शिरा संथ सरकत होत्या. तिन्ही वाड्यांखाली एकच शीर होती. ती बांधाशी गाठ पडल्यासारखी फुगली होती आणि खाली केसाएवढी बारीक झाली होती. उघड्याबोडक्या डोंगराच्या पोटात मोठमोठ्या पोकळ्या रिकाम्या आ वासून होत्या.

"आपण नुसतं ओढलं," नाना कापऱ्या आवाजात म्हणाले. "पावसाचं पाणी आत मुरूच दिलं नाही."

मग तिन्ही वाड्यांची माणसं देवराईत जमली. दोन दिवस भांडली, तिसऱ्या दिवशी ठरवू लागली. बांधाचे वरचे दगड काढायचे. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावायच्या. उतारावर आडवे चर खणायचे, झाडं लावायची. तिन्ही वाड्यांना विचारल्याशिवाय नवी विहीर खणायची नाही. सगळ्यांच्या हातांना फोड आले, पण चर पुरे झाले.

पावसाळ्यानंतर चार महिने उलटले, तरी ओढा खालच्या वाडीपर्यंत वाहतच होता. तळंही भरलं होतं. त्यावर परी उभी होती. तिचे पंख आता ओले, अखंड आणि सोनेरी होते.

"सोनुली, स्वतःपुरतं तू काहीच ठेवलं नाहीस," ती म्हणाली. "म्हणून हे माझ्याकडून." तिनं सोनकीच्या कानाला गार बोट लावलं. तळ्यातून हिरवा, निळा, सोनेरी उजेड उसळला, झाडांच्या शेंड्यांवर चढला, आणि उजेडात परी विरघळून गेली.

तेव्हापासून सोनकीला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. तिन्ही वाड्या काही ठरवण्याआधी तिला बोलावतात. ती भुईला कान लावते, सगळे श्वास रोखून थांबतात, आणि खोल खाली कुणीतरी हळूच खुदकन हसतं.