डावीकडचा हब

हे कुणाला सांगू नकोस, असं भास्करमामाने मला बजावलं होतं. बुवांनी मात्र तसं काही बजावलेलं नाही, म्हणून सांगते.

“चारही चाकं ओढतायत ना रे?” निरंजनबुवांनी विचारलं.

“ओढतायत की!” मामा म्हणाला, आणि त्याने पुन्हा ॲक्सिलेटर दाबला.

जीप गुरगुरली. मागची चाकं चिखलात आणखी रुतली.

“तुझी जीप नुसती भुंकते, भास्करा. पुढे काही जात नाही.”

सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या, मठापासून खाली फाट्यापर्यंत ही जुनी जीप उतरवणं मामालाच जमतं, आणि याचा त्याला फार अभिमान. मठात एकेकाळी पंगती बसायच्या. मग एकेक शिष्य निघून गेला. उरले बुवा आणि मामा. दोन ताटं. बाजाराच्या दिवशी मामा एकटाच खाली उतरायचा. त्या दिवशी बुवा आपणहून शेजारी येऊन बसले. “फाट्यापर्यंत येतो,” एवढंच म्हणाले.

मामाने इंजिन बंद केलं.

अवकाळी पाऊस नुकताच थांबला होता. सडाभर धुकं. कुठे गुराची घंटा नाही, माणसाची हाळी नाही...

“वडील कसे आहेत तुझे?”

“अंथरुणावरच आहेत. ताई एकटीच उठवते, बसवते.”

ताई म्हणजे माझी आई.

“तिला काय कळवलंस?”

“येतो म्हणून.”

“आणि काल मला काय म्हणालास?”

“तुम्हाला सोडून कुठे जाणार, म्हणालो.”

“हं...”

बुवा समोरच्या काचेकडे बघत राहिले. काचेतून काहीच दिसत नव्हतं.

“उतरून बघ तरी, काय अडलंय.”

या जीपमध्ये चारही चाकांना जोर द्यायचा, तर नुसता आतला दांडा ओढून भागत नाही. आधी खाली उतरायचं आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवायची. तिला हब म्हणतात. तो लॉक केला तरच इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो.

मामा उतरला नाही.

“उजवा हब लॉक आहे, बुवा.”

“आणि डावा?”

“तो... मठापाशी गाडी जाळीला चिकटून उभी होती. करवंदीचे काटे. म्हटलं, एक लावलाय, निम्मा तरी जोर मिळेल.”

“मिळाला?”

मामाने मान खाली घातली. “नाही मिळत. मला ठाऊक होतं ते. एक बाजू मोकळी असली की सगळा जोर तिकडूनच निघून जातो. लावलेलं चाकसुद्धा हलत नाही.”

“ठाऊक होतं?”

“होतं.”

बुवांनी डावीकडचं दार उघडलं आणि ते खाली उतरले. चिखल घोट्यापर्यंत आला. मग, गुडघेदुखीमुळे ज्यांना पूजेलाही खुर्चीवर बसावं लागतं, त्या बुवांनी गुडघे टेकले.

“अहो, काय करताय? मी येतो!”

“तू स्टिअरिंग धर. कुठल्या बाजूला फिरवू?”

“घड्याळाचा काटा फिरतो तशी. जोर लागेल...”

मामाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. भगव्या उपरण्याचं टोक चिखलात लोळत होतं. कट् असा आवाज आला.

मामाने इंजिन चालू केलं. जीप पुढच्या चाकांनी चिखलाला धरून एका दमात वर आली.

बुवा पुन्हा शेजारी येऊन बसले. फाट्यावर डांबरी रस्ता लागला. कोरडा ठणठणीत. इकडे पावसाचा थेंबही पडला नव्हता. मामाने दांडा मागे ढकलला आणि गाडी थांबवली.

“आता हब सोडायचे,” तो म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून. “चारही चाकं बांधून कोरड्या रस्त्यावर पळवली, तर गाडी वळताना अडते. आतून झिजते.”

“असं होय...” बुवा म्हणाले, आणि काठी घेऊन उतरले.

मामा सीटखाली हात पुसायचं फडकं शोधत होता. सापडलं तेव्हा बुवा पुढच्या चाकापासून उठून परत वरच्या वाटेला लागले होते. काठी टेकत, सावकाश. ती चढण त्यांना एकट्याने चढताना मामाने कधी पाहिलं नव्हतं.

त्याला हाक मारायची होती, पण काय विचारावं ते सुचेना. मग बाजारातलं आठवलं.

“बुवा! तांदूळ दोघांचे आणू ना?”

बुवा थांबले. वळले नाहीत. धुकं त्यांच्या खांद्यापर्यंत उतरलं होतं.

“डावीकडचा हब मी सोडलाय,” ते म्हणाले. “उजवीकडचा तुझा तू सोड.”

मामा उजव्या चाकापाशी उकिडवा बसला. चकतीवर हात ठेवून बराच वेळ बसला. काठीचा आवाज ऐकू येईनासा झाला, तेव्हा त्याने वर सड्याकडे पाहिलं आणि मग... आले, आले! आजोबांना उठवून बसवायचंय, मामा हाक मारतोय, मी...