विड्याचा डाग

"पंचवीस फटके! आत्ताच्या आत्ता!" राजा भैरवसेन गरजला.

गुन्हा काय, तर महाराजांच्या म्हाताऱ्या सेवकाच्या, जिवबाच्या थरथरत्या हातातून पिकदाणी निसटली आणि विड्याचा लालभडक रंग महाराजांच्या पांढऱ्या काश्मिरी शालीवर सांडला. त्या राज्यात चुकीवर औषध एकच, फटके! दरबारात शिंक मोठी आली तरी फटके. पण सत्तरीच्या जिवबाला पंचवीस म्हणजे थेट तिरडीच की! धुणं न्यायला आलेल्या परटाच्या गोजराला ते बघवेना.

"म्हाराज, काकांना सोडा. मारून मानूस सुधारत न्हाई."

"परटाची लेक असून तू हे सांगतेस? अगं, दगडावर आपटल्याशिवाय कपडा स्वच्छ निघतो का? तसंच माणसाचं!"

दरबारानं माना डोलावल्या. त्या माना होत्याच त्यासाठी.

"निघतो की!" गोजरा म्हणाली.

"मग हीच शाल धू! एकदाही आपटायची नाही. तीन दिवसांत डाग गेला तर जिवबा सुटला. नाही गेला, तर पंचवीस त्याला आणि पंचवीस तुला!"

शाल धुणं गोजराच्या हातचा मळ होता, पण विड्याचा डाग हा महाचिवट! तरी ती शाल घेऊन घाटावर गेली. 'धप्' असा आवाज आला की धरून आणा, असं बजावून महाराजांनी मागोमाग पहारेकरी धाडले.

दुसऱ्या दिवशी ते धापा टाकत परतले. "महाराज, पोरगी शालीला ताक पाजतेय!"

तिसऱ्या दिवशी शाल आली. पांढरीशुभ्र! महाराजांनी ती उलटीपालटी केली, उजेडात धरली, हुंगूनसुद्धा पाहिली.

"कशी धुतलीस?"

"ताकात भिजवली, रिठ्याच्या पान्यात हळूहळू दाबली, सावलीत वाळवली. बारा वर्सं माझा बा तुमची शाल न आपटताच धुतोय. आपटली असती तर पयल्याच धुन्याला चिंध्या!"

महाराज चपापले. पण लगेच हार मानतील तर ते महाराज कसले! "ही शाल आहे, पोरी. रयत म्हणजे जाडंभरडं कापड. ते आपटावंच लागतं!"

"बरं!" गोजरानं धुण्याच्या गाठोड्यातून एक धोतर काढलं आणि महाराजांच्या तोंडासमोर ताणून धरलं. "हे जाडंभरडंच व्हतं. दर आठवड्याला दगडावर आपटलं. डाग एक ऱ्हायला न्हाई. पन ह्यातनं मी दिसते का तुमास्नी?"

"चांगली दिसतेस की!"

"मग डाग गेला का धोतर गेलं, म्हाराज? रयत अशीच आपटत ऱ्हायलात तर अशीच विरंल. मग राज्य करनार कुनावर?"

तेवढ्यात मागून जिवबा कळवळून ओरडला, "अगं पोरी, ते धोतर माझं हाय! सगळ्यांना काय दाखवतीस!"

महाराजांना हसू आवरेना. हसता हसता मुकुट कानावर आला.

"हरलो, पोरी! आजपासून फटके बंद! ज्यानं डाग पाडला, त्यानं बसून धुवायचा!"

जिवबाला नवंकोरं धोतर मिळालं. आणि घरातलं ताक संपलं असणार म्हणून गोजराला महाराजांनी एक दुभती म्हैस दिली!