वस्ताद, हलू नका

“वस्ताद, हा चहा एकाच बाजूला का थरथरतोय?”

चैत्रालीने विचारलं तेव्हा लाँच खाडीच्या मधोमध होती. इंजिनाच्या झाकणावर चहाचा ग्लास ठेवला की एरवी त्यात गोल गोल वलयं उठायची. त्या दिवशी ती सगळी डाव्या कडेला जाऊन आपटत होती.

लतीफ वस्तादांनी ग्लास उचलला, चहा पिऊन टाकला, आणि ग्लास पालथा घातला.

“थांबला बघ.”

उतारू हसले. चैत्राली हसली नाही. कुणी मागे शिंकलं तरी दचकणारी मुलगी ती. मेकॅनिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात घेतला, लाँच चालवायचं लायसन काढलं, पण दचकणं काही सुटलं नव्हतं. तिची आई म्हणायची, “हिला देवाने कान दिले, पण त्यांना दारं लावायची राहिली.”

चहा मात्र खरं सांगत होता. धक्का जवळ आला आणि खालून ‘खडाक्’ असा आवाज झाला. सगळी लाँच कण्हली. इंजिन बंद. बायकांनी टोपल्या कवटाळल्या, कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

सुकाणूचं चाक चैत्रालीच्या हातात होतं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वस्तादांनी बांबू टेकत टेकत लाँच धक्क्याला लावली. पण त्या दिवसापासून तिला चाकाची भीती बसली.

इंजिनाचा खण उघडला, तेव्हा कारण दिसलं. ‘हिरावती’ जुनी लाकडी लाँच. तिचं इंजिन चार रबरी पायांवर बसवलेलं. इतकी वर्षं डिझेल पिऊन पुढच्या एका पायाचं रबर भिजल्या पावासारखं फुगलं होतं, आणि मधोमध फाटलं होतं. इंजिन तिकडे कललेलं. मागे पाण्यातल्या पंख्याकडे जाणारा लोखंडी दांडा, शाफ्ट, मात्र होता तसाच, सरळ.

“एका घरात राहायचं आणि तोंडं दोन दिशांना,” वस्ताद म्हणाले. “भांडी आपटणारच.”

वस्तादांचे डोळे आता अधू झाले होते. समोरचा धक्का त्यांना धुक्यातल्यासारखा दिसे, म्हणून चाक त्यांनी स्वतःहून सोडलं होतं. कान मात्र शाबूत. पलीकडच्या वाडीतून कोण निघालं, ते चपलांच्या आवाजावरून सांगत. या पोरीला त्यांनी हाताखाली घेतलं, तेव्हा बंदरावरचे म्हणाले, “लतीफभाय, घाबरट आहे ती.”

“मला घाबरणारंच माणूस हवं होतं,” एवढंच त्यांनी उत्तर दिलं होतं. याचा अर्थ कुणाला लागला नाही. चैत्रालीलाही नाही.

लाँच वाळूवर ओढून दोघांनी इंजिन साखळीने उचललं, चारही पाय नवे बसवले. मग लाँच पुन्हा पाण्यात सोडली. दोन लोखंडी तबकड्या, एक इंजिनाची, एक शाफ्टची, समोरासमोर अशा आणायच्या की मधली फट चहूबाजूंनी सारखी राहील. मग त्या बोल्टने जोडायच्या. चैत्राली लगेच मोजायला बसली नाही. लाकूड पाण्यात भिजतं, बसतं, आकार बदलतं, हे तिला माहीत होतं. तिने लाँचला रात्रभर पाण्यात आराम दिला.

“शिकलीस हो,” वस्ताद म्हणाले. मनापासून म्हणाले.

पण तिने मनात वेगळंच ठरवलं होतं. इंजिन नीट बसवून द्यायचं, आणि सांगून टाकायचं. वस्ताद, दुसरा ड्रायव्हर बघा.

दुसरा ड्रायव्हर नव्हता. हेही तिला माहीत होतं. ती नाही म्हणाली, की हिरावती वाळूवर जायची ती कायमचीच.

सकाळी ती खणात उतरली, फट मोजायची फिलरची पातळ पाती हातात घेऊन. इतक्यात धक्क्यावरून शेवंतीमावशीचा आवाज आला. पलीकडच्या वाडीतली ही मावशी. उद्या तिच्या भाचीचं लग्न, या काठावरच्या देवळात.

“लतीफभाय, उद्या वऱ्हाड न्यायला लाँच मिळेल ना? नाहीतर नवरीला डांबरी रस्त्याने फिरवून आणावं लागेल. पोचेपर्यंत नवरा म्हातारा व्हायचा!”

“मला काय विचारतेस? ड्रायव्हर खाली आहे. तिला विचार.”

“चैत्राली गो, मिळेल ना?”

चैत्रालीने हातातल्या पातीकडे पाहिलं.

“संध्याकाळपर्यंत सांगते, मावशी...”

“सांग हो. नवरीच्या मेंदीवर लाँच काढलीये आम्ही. खोटी पाडू नकोस.”

मावशी गेली. चैत्रालीने पाती फटीत सरकवली. वर ठीक. खाली थोडी सैल. पाना घेतला, पुढच्या पायाचा नट जरासा फिरवला. पुन्हा पाती. वर ठीक, खाली ठीक. डावीकडे...

डावीकडे पाती अडकली.

मघाशी तर जात होती.

तिने वर पाहिलं. वस्ताद या फळीवरून उठून त्या फळीवर बसले होते.

“वस्ताद, तुम्ही उठलात?”

“ऊन आलं गो तिकडे.”

तिने परत सुरुवात केली. वर. खाली. डावीकडे. उजवीकडे पाती पुन्हा सैल. वस्ताद पाय पसरून पाठ खाजवत होते.

“वस्ताद, हलू नका ना!”

“बरं.”

ते हलले नाहीत. पण तेवढ्यात एक मासेमारीची होडी जवळून गेली, तिची लाट आली. हिरावती उचलली गेली, खाली बसली. पाती हातातून सुटून खणाच्या तळाच्या पाण्यात पडली.

चैत्रालीला रडू फुटायचं बाकी होतं.

“हे असं कसं जमायचं? क्षणभर स्थिर राहील तर शपथ! मी काय मोजू आणि कशाला मोजू?”

वस्तादांनी मोठा श्वास सोडला.

“तुम्ही श्वास घेतलात तरी फरक पडतोय मला.”

“मग नको घेऊ?”

“थट्टा करू नका, वस्ताद.”

“थट्टा नाही.” ते खणाच्या कडेला आले, उकिडवे बसले. “उद्या वऱ्हाड येणार. पोरंबाळं, म्हाताऱ्या, ढोलवाले. त्यांना काय सांगशील?”

“काय सांगू?”

“हेच. हलू नका म्हणून.”

चैत्राली बघतच राहिली.

“नवरीच्या बापाला सांगशील, काका, श्वास हळू घ्या, पाती अडकते?”

तिला हसू आलं. मग हसल्याचा राग आला.

“मग काय करू? वाकडंच राहू दे?”

वस्ताद उठले. त्यांनी लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली. टोपी नीट केली. आणि मग तो पिकल्या दाढीचा, अर्धवट दिसणारा माणूस लाँचच्या फळ्यांवर नाचायला लागला.

साधंसुधं नाही, अगदी वरातीत नाचतात तसा. तोंडाने ढोल वाजवत, टाच आपटत, कधी या कडेला, कधी त्या कडेला.

“वस्ताद! पडाल!”

“मोज!”

“लोक बघतायत...”

“बघू देत. तू मोज!”

पहिल्या टाचेला ती दचकली. दुसऱ्यालाही. तिने तळाच्या पाण्यातून पाती शोधून काढली, पुसली, फटीत धरली. हिरावती डुलत होती. पाती आवळली जायची, सुटायची. आवळली, सुटली. ती सुटणाऱ्या क्षणाला पकडायला बघायची, तो निसटायचा. आवळणाऱ्या क्षणाला पकडायला जायची, तोही निसटायचा.

मग कधीतरी तिने पकडणं सोडलं. पाती नुसती धरून राहिली, आजारी माणसाची नाडी धरावी तशी.

आवळली... सुटली... आणि दर वेळी मधे त्याच जागी येऊन गेली.

वरच्या बाजूला तशी. खालच्याही. डावीकडे मात्र जरा उशिरा परत येत होती. तिने नट केसभर फिरवला. धरून राहिली. पुन्हा केसभर.

वर ढोल चालूच होता. आता ती टाचेला दचकत नव्हती. उलट टाच पडेपर्यंत थांबत होती.

“रबराचे पाय कशाला दिलेत याला, सांग?” वस्तादांनी धापा टाकत विचारलं.

“हलायला,” ती खालून म्हणाली.

वस्तादांनी एक गिरकी घेतली.

बोल्ट घालून झाले. पाना ठेवला. ग्रीसने माखलेला हात कपाळाला पुसून ती वर आली, तर लाँचमध्ये कुणी नव्हतं. वस्ताद धक्क्यावर जाऊन बसले होते, पाण्याकडे पाठ करून. बिडी शिलगावत होते.

“वस्ताद, झालं! बघता का एकदा?”

धूर वर गेला. उत्तर नाही.

तिने इंजिन चालू केलं. ते खोकलं, घसा साफ केला आणि एका लयीत बोलायला लागलं. तिने हळूच गियर टाकला. पंख्याने मागे पाणी घुसळलं, लाँच बांधल्या जागी दोरी ताणून उभी राहिली. तिने झाकणावर तळहात ठेवला. मांजराच्या पाठीवर ठेवावा तशी थरथर लागली, सगळ्या बाजूंनी सारखी. पण आपल्या हातावर कुणाचा भरवसा बसतो?

“वस्ताद, बरोबर वाजतंय ना?”

वस्तादांनी एक झुरका घेतला.

“चहूबाजूंनी सारखं लागतंय मला. पण तुम्ही एकदा कान लावला असता तर...”

वस्तादांनी बिडीची राख झटकली.

तिला आधी वाईट वाटलं. मग राग आला. चपलांवरून माणसं ओळखणारा माणूस, आणि दहा हातांवरून मारलेली हाक याला ऐकू येत नाही?

“वस्ताद! मी उद्या नेऊ ना वऱ्हाड? सांगा तरी!”

काही नाही. पाठ तशीच.

पलीकडच्या काठावर मांडवाचं कापड चढत होतं, लाल-पिवळं. बायांची हाकाहाक पाण्यावरून येत होती. चैत्रालीने खाली पाहिलं. धक्क्याच्या दगडांवर ओली रेघ उघडी पडली होती. ओहोटी लागली. अजून थोडा वेळ गेला, की मधला वाळूचा दांडा वर येणार आणि आज फेरी मारून बघणं राहून जाणार. न बघता नवरी बसवायची? की मावशीला नाही म्हणून सांगायचं?

इंजिन वाट बघत होतं. तिने अजून एकदा झाकणावर हात ठेवला. या खेपेला तिने वस्तादांकडे पाहिलं नाही.

उचलला, आणि चाकावर ठेवला.

“वस्ताद, दोरी सोडा! ओहोटी लागली!”

आवाज असा निघाला, की धक्क्यावरचे दोन बगळे उडाले. ती स्वतःच दचकली. चाक मात्र सुटलं नाही.

वस्ताद उठले. बिडी विझवली. चाचपडत खुंट्याशी आले, गाठ सोडली, दोरी गोळा करून लाँचमध्ये फेकली.

“सोडली... मघापासून नुसतं विचारत होतीस. आत्ता कुठे हाक मारलीस, बाय.”