मोतीगीरांच्या समाधीवरचं शेवाळ

"गेलेलं अक्षर परत आणता येतं का, बुवा?"

रोहिदास दारातच उभा राहून विचारत होता. पायात गमबूट, हातात पाण्याची लांब बंदूक, मागे फरफटत आलेली नळी. तोंडाचा रंग पार उडालेला.

हंसगीरबुवा मठाच्या ओसरीवर बसले होते. मी शेजारी पुण्यतिथीच्या जेवणाचे भोपळे चिरत होतो, म्हणून हे सगळं माझ्या देखत झालं.

"कुठलं अक्षर?" बुवांनी विचारलं.

"समाधीवरचं... मोठ्या महाराजांचं नाव. सगळंच गेलं ओ."

माझा सुरा भोपळ्यात तसाच राहिला.

मोठे महाराज म्हणजे मोतीगीर, बुवांचे गुरू. समाधीच्या चुन्यात त्यांचं नाव उठवलं होतं ते बुवांनी स्वतः, तरुणपणी. दुपारी सारी पंचक्रोशी त्या नावावर डोकं टेकवायला येणार होती.

आणि हा रोहिदास भोईटे म्हणजे बुवांचा लाडका शिष्य, आणि स्वतःचा त्याहून लाडका. प्रेशर मशीन घेऊन त्यानं नुकताच साफसफाईचा धंदा टाकला होता. दोन-चार टेम्पो आणि एका पेट्रोल पंपाची फरशी धुतली आणि कार्डावर 'तज्ज्ञ' छापून मोकळा झाला. सगळा मठ फुकट धुऊन देतो, उत्सवाला आलेले लोक बघतील, कामं मिळतील, असं तोच म्हणाला होता.

"कसं गेलं?"

"शेवाळ निघंना. मग दाब वाढवला, बंदुकीला बारीक तोंड लावलं, जवळ गेलो... शेवाळाबरोबर चुन्याची खपलीच आली. नाव माझ्यादेखत गटारात वाहून गेलं, बुवा. मी नुसता बघत राहिलो."

बुवा उठले आणि समाधीकडे चालू लागले. आम्ही मागोमाग.

नावाच्या जागी उघडी, ओली वीट. बुवांनी तिच्यावरून बोट फिरवलं, पहिलं अक्षर होतं तिथपासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सावकाश. त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"मी हे मशीन विकतो, बुवा. आजच. पुन्हा ह्या धंद्याचं नाव काढणार न्हाई."

"पादुका राहिल्यात."

"काय?"

"समाधीपुढच्या पादुकांवर शेवाळ आहे. तेवढं धुवायचं राहिलंय."

रोहिदास माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. बुवांच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं मला खरंच वाटलं. पादुकाही चुन्याच्याच होत्या. मोठ्या महाराजांची म्हणून जी खूण उरली होती ती तेवढीच.

"बुवा, त्या आपण ओल्या फडक्यानं पुसू," मी मध्येच तोंड घातलं. "न्हाईतर राहू दे शेवाळ. काय बिघडतंय?"

"तू तुझा भोपळा चीर," बुवा म्हणाले.

रोहिदासनं हात जोडले. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"बरं. मग आधी मला अंघोळ घाल."

"घालतो की. पाणी तापवून आणतो..."

"ह्यानं घाल."

बुवांनी बंदुकीकडे बोट केलं होतं.

मग त्यांनी बंडी काढली आणि रोहिदासकडे पाठ करून ते पादुकांशेजारी खाली बसले. म्हाताऱ्या माणसाची पाठ ती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.

"बुवा, कातडं सोलून निघंल!" रोहिदास ओरडलाच.

"निघेल?"

"हे पाणी लाकडाचा रंग उतरवतंय. माणसाचं काय ठेवंल?"

"सकाळी ठाऊक नव्हतं?"

रोहिदासनं हातातल्या बंदुकीकडे पाहिलं.

"सोड पाणी."

मी पुढे झालो. मला राहवेना. बुवांनी मागं न बघता नुसता हात वर करून मला थोपवलं.

रोहिदासनं बंदुकीचं बारीक तोंड काढून पसरट लावलं. दाब उतरवत उतरवत अगदी तळाला आणला. मागे सरकला, अजून मागे, कुंपणाच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. पाणी आधी खाली फरशीवर सोडलं. मग स्वतःच्या पायावर घेतलं, गमबूट काढून. मग पोटावर. तरी त्याची खात्री पटेना. पुन्हा पायावर घेतलं.

शेवटी पाणी बुवांच्या खांद्यावर पडलं.

बुवा शहारले.

"गार आहे रे," म्हणाले.

ते ऐकून रोहिदासला रडूच फुटलं. एवढा बाप्या माणूस, हुंदके देऊन रडत होता, पण त्यानं नजर काही त्या पाठीवरून हलू दिली नाही. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर, मग कण्यावरून खाली, असं तो पाणी नेत होता. जरा कुठे कातडी लालसर दिसली की थांबायचा, निरखून बघायचा, पुन्हा सुरू करायचा. टेम्पो धुताना मी ह्याला पाहिलं होतं. तेव्हा तो एका हातानं बंदूक धरून दुसऱ्या हातानं फोनवर बोलायचा.

पाठ भिजली. कुठे ओरखडासुद्धा नाही.

फाटकाशी पहिली जीप थांबली. बायाबापड्यांचे आवाज जवळ येऊ लागले. बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले, ओल्या अंगावर उपरणं घेतलं आणि पादुकांपासून बाजूला झाले.

रोहिदासनं बंदूक खाली केली. तिचं टोक हलत होतं.

"हात कापतोय, बुवा. जरा थांबू या का? स्थिर झाला की पादुका घेतो धुवायला."

बुवांनी त्याच्या हाताकडे पाहिलं...

"सकाळी स्थिरच होता. कापतोय तोवर धुऊन घे."