शेवंतीची हाळी

कोणाच्या पणजोबालाही साल सांगता येणार नाही इतक्या जुन्या काळी, आडबंदर गावात शेवंती राहायची. आणि तिचा आवाज! अहो, काय सांगू! तिने किनाऱ्यावरून हाळी दिली की समोरच्या बेटावरचे बगळे उडायचे, असं म्हणतात.

गाव मासेमारीचं. सगळं गाव मिळून रापण ओढायचं. रापण म्हणजे अवाढव्य जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकायचं, दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि ओढायच्या. म्हातारेकोतारे, बायका, पोरंटोरं, जो दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा. एक दोरी वरच्या वाडीची, दुसरी खालच्या वाडीची. पण दोन्ही वाड्यांना खुमखुमी भारी! आमचीच दोरी आधी आली पाहिजे! आणि एक बाजू जास्त ओढली की जाळं तिरकं होऊन थेट खडकांवर जायचं. म्हणून शेवंती मधोमध उभी राहून ताल धरायची, "होऽऽ, ओढा रेऽऽ!" कोणी घाई केली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. लोक खो खो हसायचे आणि तिच्या तालावर ओढायचे.

एका सकाळी बांगडा आला. असा आला, असा आला, की पाणी उकळतंय असं वाटावं! दोन्ही वाड्यांचे गडी होडी घेऊन निघाले. त्यांत शेवंतीचा एकुलता एक महादू होता. नवरा समुद्रानेच नेलेला, त्यामुळे तिचं सगळं जग त्या पोरात.

जाळं टाकून झालं, दोऱ्या किनाऱ्याला लागल्या आणि अचानक वादळ सुटलं. होडी उलटली! गड्यांनी जाळ्याचे तरंगते ठोकळे घट्ट धरले. वरच्या वाडीचे वरच्या दोरीच्या बाजूला, महादू आणि खालच्या वाडीचे दुसऱ्या बाजूला. आता जाळं ओढलं तरच माणसं येणार होती.

मग काय! जो तो आपापल्या दोरीवर तुटून पडला, आपापल्या पोरांची नावं घेत ओढू लागला. वरच्या वाडीत माणसं जास्त. जाळं तिरकं झालं आणि सगळं खडकांकडे सरकू लागलं. शेवंती जीव खाऊन ओरडत होती, पण त्या कालव्यात ऐकतो कोण?

तिला महादूचं डोकं दिसत होतं. पाय आपसूक खालच्या दोरीकडे वळले. आणि मग, ऐका हं, ती गर्रकन फिरली आणि धावत जाऊन तिने वरच्या वाडीची दोरी धरली!

वरच्या वाडीचा म्होरक्या भिकाजी ओरडला, "गो शेवंते, येड लागला काय? तुझो झील पलीकडे आसा!"

"माका दिसता!" ती गरजली. "मी तुमच्या गोपाळाक ओढतंय. माझ्या महादूक तुमी ओढा!"

गोपाळ म्हणजे भिकाजीचाच मुलगा. भिकाजीचे हात क्षणभर थांबले. दुसऱ्या क्षणी तो खालच्या दोरीकडे पळत सुटला, "महादूऽऽ! धर रेऽऽ!" त्याच्यामागे वरची वाडी धावली, खालची वाडी इकडे आली. कोणाची दोरी कुठली, काही कळेना! मग भांडायचं कोणाशी? प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोराचं नाव घेऊन ओढू लागला आणि शेवंतीच्या हाळीला सगळ्या गावाची हाळी मिळाली.

त्या हाळीने वारा थबकला, असं म्हणतात. काही तर म्हणतात, बांगड्यांनीच आतून जाळं ढकललं. ढकललंही असेल, आपण कोण नाही म्हणणारे! जाळं सरळ, अगदी सरळ किनाऱ्याला आलं. माणसं आली, मासळी आली, महादू आला. शेवंतीने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला मिठी मारून ढसाढसा रडली.

आजही आडबंदरात वरची वाडी खालची दोरी ओढते आणि खालची वाडी वरची. आपल्या घरच्याचं नाव कोणी घेत नाही, शेजाऱ्याच्याच पोराला हाक मारायची. शेवंती गेली, महादूही म्हातारा होऊन गेला, त्यांच्या घरात दिवा लावायलाही कोणी उरलं नाही. पण दोरीला हात लागला की सगळ्यात आधी सगळं गाव एका आवाजात ओरडतं, "शेवंतीच्या महादूक किनाऱ्याक हाडा रेऽऽ!" आणि मगच पहिला हिसका बसतो.